तीन आडव्या रेघा

मी जुनी ट्रेडमिल आहे. जुनी म्हणजे बिघडलेली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण हा फरक माणसांना कळत नाही असा माझा पाच वर्षांचा अनुभव आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल आणि तिच्या दांड्यांवर आत्ता टॉवेल वाळत पडला असेल, तर तुम्ही माझे मित्र वगैरे काही नाही. तरीही ऐका. नीट बसा आणि मधे बोलू नका.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या कारखान्यात झाला. एकाने माझी फळी घासली, दुसऱ्याने तिच्यावर काळा पट्टा चढवला, तिसऱ्याने पुढच्या पेटीत मोटर बसवली. शेवटी एका चष्मेवाल्या बाईने माझ्यावर ऐंशी किलोची वाळूची गोणी ठेवली आणि मला चार तास पळवलं. मी हूं की चूं केलं नाही. बाईने माझ्या बुडाशी खडूने 'ठीक' असं लिहिलं. आयुष्यात मला मिळालेलं ते एकमेव प्रमाणपत्र आहे आणि ते जमिनीकडे तोंड करून आहे.

खोक्यात माझ्यासोबत चार वस्तू आल्या. एक पुस्तिका, तेलाची एक बाटली, एक वाकडा पाना आणि एक लाल चावी. आता ही चावी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा तमाशा तिच्यामुळे झाला. ती कुलपाची चावी नव्हे. ते अंगठ्याएवढं लाल चुंबक असतं, त्याला एक दोरी आणि दोरीच्या टोकाला चिमटा. चुंबक माझ्या छातीवरच्या खाचेत बसवायचं, चिमटा आपल्या कपड्याला लावायचा. चालणारा घसरला की दोरी ओढली जाते, चुंबक सुटतं आणि मी जागच्या जागी थांबते. चुंबक खाचेत नसेल तर मी हलतच नाही. मग माझ्या पडद्यावर तीन आडव्या रेघा येतात. त्यांचा अर्थ 'चावी लावा' इतकाच आहे. लहान मूलसुद्धा शिकेल.

मला विकत घेतलं ते दादाने. सगळे त्याला दादा म्हणतात म्हणून मीही म्हणते, पण त्याला अहो-जाहो करायची माझी तयारी नाही. दादाचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर तो गिऱ्हाइकांना भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावतो. स्वतःच्या घरातलं त्याला काय दिसतं, ते कळेलच तुम्हाला.

मला पोचवायला आलेल्या माणसाने त्याला सगळं समजावलं. "साहेब, ही चावी सांभाळा. दर तीन महिन्यांनी पट्ट्याच्या खाली तेल द्या. चपला घालून चढू नका." दादा फोनवर बोलत होता. "हो हो, कळलं, कळलं," म्हणाला आणि हाताने त्याला जा म्हणून खूण केली. पुस्तिका आणि तेलाची बाटली खोक्यातल्या थर्माकोलबरोबर कचऱ्यात गेली. मला बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात उभं केलं. तोंड स्वयंपाकघराकडे. म्हणजे पाच वर्षं माझ्यासमोर काय आहे? फ्रिज. उठता बसता फ्रिज. त्याच्याकडे दिवसातून चाळीस वेळा माणसं येतात, उघडून बघतात, काही न घेताही बघतात.

पहिला महिना माझाही होता, खोटं कशाला बोलू. दादाची बायको मला रोज ओल्या फडक्याने पुसायची. तिला घरात सगळे वहिनी म्हणतात, ती कानात गाणी घालून वीस मिनिटं चालायची. दादा चालायचा कमी आणि सांगायचा जास्त. कुणी आलं की मला दाखवायचा, माझ्या पाठीवर थाप मारायचा. मला ते आवडायचं. मूर्खच होते मी.

मग कौतुक ओसरलं. आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग पाहुणे आले तरच. दोन वर्षांत मला तेलाचा एक थेंब दिला नाही कुणी. पट्टा आणि फळी एकमेकांना खाऊ लागली होती. मी कुरकुरले, कण्हले. "आवाज वाढव जरा," असं दादा वहिनीला टीव्हीबद्दल म्हणायचा.

आणि मग तो दिवस आला. घरात सहा पाहुणे. दादा चढला, पायात चपला, वेग दहावर. त्या दिवशी त्याने चिमटाही लावला होता, पण सुरक्षेसाठी नाही. पाहुण्यांना वाटावं की हे काहीतरी वैद्यकीय प्रकरण आहे, म्हणून. पळता पळता मागे वळून तो म्हणाला, "खरं म्हणजे गप्पा मारत मारत पळता आलं पाहिजे माणसाला." तेवढ्यात माझा कोरडा पट्टा क्षणभर अडकला आणि सुटला. दादा मागच्या चपलांच्या फळीवर जाऊन आदळला. चष्मा फुटला. पुढच्या दाताचा टवका उडाला. दोरी ओढली गेली, चावी निघाली आणि मी त्याच क्षणी थांबले. थांबले नसते तर त्याच्या गुडघ्याची सालटी निघाली असती. पण आभार कुणाला मानायचे असतात? एक पाहुणी इतकी हसली की तिला उचकी लागली. दादा उठला आणि त्याने मला लाथ मारली. ती त्याच्याच अंगठ्याला लागली, तेवढंच माझं समाधान.

संध्याकाळी वहिनी त्याचा शर्ट धुवायला घेत होती. शर्टाला चिमटा, चिमट्याला दोरी, दोरीला लाल चुंबक. तिने कात्रीने दोरी कापली, चुंबक उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं, फ्रिजला चुंबक हवंच होतं एक." आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने माझा जीव फ्रिजच्या दाराला चिकटवला.

दुसऱ्या दिवशी दादाने माझं बटण दाबलं. तीन आडव्या रेघा. त्याने वहिनीला हाक मारली. "बघ. दवाखान्यातल्या मशीनवर अशीच सरळ रेघ येते ना, माणूस गेला की? गेली ही." झालं! माझ्या मरणाचा दाखला चष्मेवाल्याने लिहिला. पुढची तीन वर्षं माझ्यावर विजारी, चादरी, मोजे वाळले. समोर लाल चावी कधी फोन नंबरांची यादी धरून बसायची, कधी गॅसवाल्याची चिठ्ठी. मी बघत होते. दुसरं करणार तरी काय!

आता भिंगरीबद्दल सांगते. भिंगरी ही दादाची धाकटी बहीण, याच घरात राहते. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव पडलं आणि चाळिशी आली तरी ते तिला शोभतं. ती वीजमीटर वाचते. घरोघर जायचं, जिन्याखालच्या, गच्चीवरच्या, गडद अंधारातल्या मीटरवर बॅटरी मारायची आणि आकडे टिपायचे. दिवसभर चालून आलेली बाई घरात येऊन पुन्हा माझ्यावर कशाला चढेल? त्यामुळे आमचं वैरही नव्हतं आणि मैत्रीही नव्हती. मग एक दिवस कामावर असताना एका तळघराची पायरी तिच्या पायाखाली तुटली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चार महिने ती घरात होती. त्या चार महिन्यांत तिने घरातल्या प्रत्येकाचं डोकं खाल्लं.

मग तिच्या कार्यालयातून पत्र आलं. तीन आठवड्यांनी कार्यालयाच्या डॉक्टरांसमोर ट्रेडमिलवर तीस मिनिटं न थांबता चालून दाखवायचं, पाचच्या वेगाने. जमलं तर पुन्हा फिरतीचं काम. नाही जमलं तर कायमचं टेबल. दुसरी संधी नाही.

गुडघ्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईने सांगितलं, "रोज सपाट जागेवर चाला, दांडा धरून. ट्रेडमिल असेल तर उत्तमच." बाहेरचा रस्ता नळांसाठी खणलेला, दारापासून कोपऱ्यापर्यंत खड्ड्यांवर फळ्या टाकलेल्या. घरात चालायचं म्हणजे हा एवढासा बोळ. भिंगरीने माझ्यावरच्या विजारी उचलून खुर्चीवर फेकल्या आणि बटण दाबलं. तीन आडव्या रेघा.

"मेलीय ती," दादा आतून म्हणाला. "तीन वर्षं झाली."

"मग दुरुस्त करून घे."

"कशाला? टेबलावर बस की. डोक्यावर पंखा, हाताशी पाणी. दारोदार हिंडून काय मिळवलंस? मोडका गुडघा!"

"मला बसवून ठेवलं तर मी वेडी होईन, दादा."

"नाटकं नकोत. लोक जीव टाकतात अशा कामासाठी."

"लोकांना दे मग."

वहिनीने पत्र उचललं, हरवू नये म्हणून फ्रिजवर लावलं. कोणत्या चुंबकाने? ओळखलंत ना? त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक माणूस रोज त्या पत्राची तारीख वाचत होतं आणि तारखेच्या बरोबर वर माझी चावी होती. मला संताप संताप झाला. पण माझ्याजवळ तीन रेघांशिवाय दुसरी भाषा नाही. मी त्याच काढत राहिले.

भिंगरीला माणूस बोलवायचा होता. दादाला ते लागलं. "घरात मी असताना माणूस कशाला? चष्म्यातला एवढासा स्क्रू मी बसवतो, हे धूड काय!" रविवारी तो बाह्या सरसावून आला. ज्या दुकानातून मला आणलं तिथे फोन लावला आणि म्हणाला, "ट्रेडमिल चालत नाही." पलीकडच्या माणसाने एक प्रश्न विचारला नाही. "पट्टा घट्ट करा, तेल द्या," म्हणाला आणि फोन ठेवला.

झालं, दादाला तेवढंच पुरलं. माझ्या मागच्या टोकाला पट्टा ताणायचे दोन बोल्ट असतात. ते एका वेळी पाव फेरा फिरवायचे असतात. दादाने उजवा चार फेरे फिरवला आणि डावा पाच, कारण चारनंतर त्याला मोजणीचा संशय आला. माझी पाठ कचाकच आवळली. मग दरवाजाच्या बिजागऱ्यांना घालायचं तेल आणलं आणि पट्ट्याच्या खाली नाही, वर ओतलं. अख्खी बाटली. मग पुढची पेटी उघडली, आत बघून 'हं' केलं आणि बंद केली. दोन स्क्रू उरले. "जादाचेच देतात," म्हणाला आणि खिशात टाकले. बटण दाबलं. तीन रेघा! वहिनी वाळलेली चादर ओढायला माझ्यावर चढली आणि सटकन घसरून धपकन बसली. मला हसू आलं, लपवत नाही.

"तू हिची पार वाट लावलीस," भिंगरी म्हणाली.

"मेलेल्याची काय वाट लागणार?"

दोन दिवसांनी त्याने भंगारवाल्याला बोलावलं. विचारलं नाही, पुसलं नाही. दोन धिप्पाड माणसं जिना चढून आली, एकाने माझा पुढचा पाय धरला. भिंगरी काठी टेकत आली आणि माझ्या तेलकट पट्ट्यावर मांडी ठोकून बसली. एक पाय सरळ, कारण तो दुमडत नव्हता.

"आधी मला उचला," ती म्हणाली.

माणसांनी दादाकडे बघितलं. दादा लालबुंद झाला. "भिंगरे, लोकांसमोर शोभा करू नकोस."

"तुझी शोभा या मशीनने केली, तीन वर्षांपूर्वी. त्याचा सूड माझ्यावर काढतोयस तू. बारा दिवस राहिलेत माझे. बारा!"

भंगारवाला शहाणा होता. "तुमचं ठरलं की कळवा," म्हणाला आणि माणसं घेऊन गेला. भिंगरी तशीच बसून रडली. माझ्यावर बसून कुणी रडल्याची ती पहिलीच वेळ. मला काय करावं ते कळेना.

मग तिने तिच्या पद्धतीने काम केलं. ज्या ज्या इमारतीत ती मीटर वाचायला जायची, तिथली सगळी माणसं तिला ओळखत. एका व्यायामशाळेत फोन गेला, तिथून दुसरा नंबर मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक बुटका मेकॅनिक नाकावर राग घेऊनच आमचे तीन जिने चढून आला. दादा दुकानात जायचं सोडून मुद्दाम थांबला.

"काय होतंय?" मेकॅनिकने विचारलं.

"चालत नाही," दादा म्हणाला.

"चालत नाही म्हणजे काय? दिवा लागत नाही, की दिवा लागतो पण पट्टा फिरत नाही, की पट्टा फिरतो आणि अडकतो?"

भिंगरीने बटण दाबलं. मी माझ्या तीन रेघा दाखवल्या, जीव तोडून.

"मग मेली कोण म्हणालं? मेलेली रेघा काढते होय?" मेकॅनिकने पट्ट्यावर हात फिरवला आणि हात नाकाशी नेला. "हे काय चोपडलंय? बिजागरीचं तेल? आणि हा पट्टा बघा, बोट शिरत नाही खाली. कुणाची कारागिरी?"

"दुकानवाल्याने सांगितलं, घट्ट करा," दादा म्हणाला.

"पाव फेरा असतो, साहेब. पाव! तुमच्या चष्म्याचा नंबर मी असा अंदाजाने वाढवू का?" तो उठला. "ते नंतर बघू. आधी चावी द्या हिची."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "हिला चावी असते?" दादाने विचारलं.

मेकॅनिकने कपाळावर हात मारला आणि त्याला तेल लागलं. "हात धुवायला कुठंय?" वहिनीने स्वयंपाकघर दाखवलं. तो माझ्यासमोरून आत गेला, नळाखाली हात धुतले, वळला आणि फ्रिजसमोर थबकला. मित्रांनो, माझ्यात रक्त असतं तर ते त्या क्षणी उसळलं असतं. त्याने लाल चुंबक काढलं. पत्र खाली पडलं. तो बोळात आला, कुणाला काही न विचारता त्याने चुंबक माझ्या खाचेत बसवलं. मी 'टीं' केलं. तीन रेघा गेल्या आणि तिथे शून्य आलं. इतकं सुंदर शून्य मी आधी कधी दाखवलं नव्हतं.

"पत्र मात्र जपून लावलं होतं," मेकॅनिक म्हणाला.

भिंगरी दादाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तू काढलीस ना चावी? तुला मी टेबलावरच हवी होते."

"मला माहीत तरी होतं का हिला चावी असते ते?"

"तूच विकत आणलीस हिला! तूच रोज चढायचास! आणि तुला माहीत नाही?"

खरं उत्तर वहिनीजवळ होतं आणि वहिनी नळ नीट बंद झालाय का ते बघत होती. बराच वेळ बघत होती. मी किंचाळले असते, पण आता माझ्याजवळ रेघाही उरल्या नव्हत्या.

मेकॅनिकने दोन तास काम केलं. बोल्ट सैल केले, पट्टा उचलून खालचं काळं किटण खरवडलं, वरचं तेल साबणाच्या पाण्याने चार वेळा पुसलं. फळीवर सिलिकॉनचं तेल दिलं, पट्ट्याखाली, जिथे द्यायचं असतं तिथे. मोटरवरची धूळ ब्रशने काढली. पट्टा पुन्हा ताणला, पाव फेरा उजवीकडे, पाव डावीकडे, मधे उचलून बघत, तळहात खाली जाईल इतपत. जाताना भिंगरीला म्हणाला, "आतून एक जागा जळलीय हिची. दर फेऱ्याला बारीक हिसका देईल. सहाच्या वर नेऊ नका. आणि चावीला नवी दोरी बांधा." भिंगरीने आपल्या बुटाची नाडी काढून बांधली आणि टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा अडकवला.

दहा दिवस उरले होते. पहिल्या दिवशी ती सहा मिनिटं चालली, दोनच्या वेगाने, घाम पुसत, मला शिव्या देत. मीही तिला हिसके देत होते, पण मुद्दाम नाही. चौथ्या दिवशी पंधरा मिनिटं. सहाव्या दिवशी बावीस, पाचच्या वेगाने. आणि मग गाडी तिथेच अडली. बाविसाव्या मिनिटाला गुडघा धरायचा, तिचा चेहरा वाकडा व्हायचा आणि हात लाल बटणावर जायचा. सातव्या दिवशी बावीस. आठव्या दिवशीही बावीस.

घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भिंगरी दादाचं तोंड बघत नव्हती. दादा बोळातून अंग चोरून जायचा. एका सकाळी तो खाली बसला, खिशातून ते दोन उरलेले स्क्रू काढले आणि माझ्या पेटीला बसवले. वहिनी पत्राला चिकटपट्टी लावून फ्रिजवर बसवायची, ते रोज निखळायचं आणि ती रोज उचलायची.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भिंगरी चढली. चिमटा लावला, पाचचा वेग. दहा मिनिटं झाली, पंधरा, वीस. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात पदर नाही की फडकं नाही, नुसतीच बोटं चोळत. एकविसावं मिनिट संपत आलं, आणि तिने तोंड उघडलं.

"ताई, ती चावी मी लावली होती फ्रिजला."

भिंगरीचं पाऊल चुकलं. तिने दांडा धरला. "काय?"

"ह्यांच्या शर्टाला लटकत होती, पडले त्या दिवशी. मला वाटलं साधं चुंबक आहे. ह्यांना खरंच काही माहीत नव्हतं."

"आणि मेकॅनिक आला तेव्हा? तेव्हा तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"भीती वाटली हो. तुम्ही मला घराबाहेर काढाल असं वाटलं. थांबा ना जरा, बसून बोलू."

"थांबू?" भिंगरी अशी ओरडली की माझा पडदा थरथरला. "बावीस मिनिटं झालीत माझी! थांबायचं नाव काढू नकोस! बोल तू, मी चालता चालता ऐकतेय! दहा दिवस मी माझ्या भावाला चोर म्हणाले आणि तू भांडी घासत होतीस?"

"मग तुम्ही तरी कुठे विचारलंत मला? या घरात मला कोण काही विचारतं? विजारी वाळत घालायला जागा नाही, म्हणून मशीनवर घालते, त्याचीसुद्धा बोलणी मीच खाते!"

"विजारींचं काय काढलंस मधेच!"

"काढणारच! चार महिने तुमचं अंथरूण, तुमची काठी, तुमच्या गोळ्या, सगळं माझ्याकडे!"

"मी म्हटलं होतं का कर म्हणून?"

"म्हणायला लागतं होय?"

मित्रांनो, असं कडाक्याचं भांडण मी आयुष्यात ऐकलं नाही. तेविसावं मिनिट गेलं, पंचविसावं गेलं. भिंगरीचा गुडघा दुखत होता, मला तिच्या पावलाच्या वजनावरून कळत होतं, पण तिला त्याच्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताची बोटं वहिनीकडे. अठ्ठावीस. वहिनी रडत होती आणि भांडत होती. एकोणतीस. भिंगरीही रडत होती. मी माझी जळलेली जागा शक्य तितकी हळू सरकवत होते. खरं सांगायचं तर घाबरून.

"तीस," दाराकडून आवाज आला.

दादा दुकानातून आला होता. हातात बूट, तसाच उभा. कधीपासून उभा होता कोण जाणे. भिंगरीने पडद्याकडे बघितलं, मग लाल बटण दाबलं आणि माझ्या दांड्यावर डोकं टेकून उभी राहिली. वहिनी पाण्याचा पेला घेऊन धावली. भिंगरीने तो घेतला. माफ केलं असं म्हणाली नाही, पण पेला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली तेव्हा जिन्यावर तिची पावलं मला आधी कळली. तीन जिने, मधे कुठेही न थांबता, काठी नाही. "झालं," ती म्हणाली. "डॉक्टरांची मशीन इतकी गुळगुळीत होती की मला झोप येत होती. सोमवारपासून फिरती."

वहिनीने फ्रिजवरचं पत्र काढून फाडलं. दादा खुर्चीत बसला होता, खाली बघत. भिंगरी त्याच्यासमोर गेली, माझ्या चावीचा चिमटा त्याच्या शर्टाला लावला आणि म्हणाली, "तुला उगाच चोर म्हणाले. चुकलं माझं. आता चढ."

"मी? हिच्यावर?"

"चपला काढ. समोर बघ. तोंड बंद ठेव."

तो चढला. दोन्ही हातांनी दांडे असे धरले की ते मोडतात की काय असं वाटलं. भिंगरीने वेग एकवर ठेवला. तीन वर्षांनी त्याची पावलं माझ्या पाठीवर पडत होती. आणि माझी जळलेली जागा फिरत फिरत त्याच्या पायाखाली येत होती. एक हिसका माझ्या हातात होता, मित्रांनो. लाथ, बिजागरीचं तेल, पाच फेरे, भंगारवाला, सगळं आठवत होतं मला.

तेवढ्यात तो बोलला. "भिंगरे, चावी मी लपवली नव्हती. पण तू म्हणालीस ते अगदीच खोटं नव्हतं. ती सापडली नसती तर मला बरं वाटलं असतं. पायरी तुटली त्या दिवशी दवाखान्यात मी एकटा बसून होतो चार तास. पुन्हा तसं बसायचं नव्हतं मला."

भिंगरीने हात पुढे केला आणि वेग एकचा दोन केला. "धर नीट," म्हणाली.

मी हिसका दिला नाही. जागा सावकाश पुढे जाऊ दिली. त्याला माफ केलंय असा अर्थ काढू नका, लाथ मी विसरलेले नाही. तो आता रोज दहा मिनिटं चालतो, चिमटा स्वतः लावतो, आणि दर तीन महिन्यांनी माझ्या पट्ट्याखाली तेल देतो. तेल देऊन बोल्ट फिरवताना पुटपुटतो, "पाव, पाव." विजारी आता गच्चीत वाळतात आणि त्या वाळत घालायला दादा नेतो.

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे, आणि ती मी गोड आवाजात करणार नाही. घरात एखादं यंत्र गप्प झालं, की त्याला मेलेलं ठरवू नका, बोल्ट आवळू नका, भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी स्वतःला विचारा, आपण हिचं काय काढून घेतलंय? मग उठा आणि तुमच्या फ्रिजचं दार बघून या. जा, आत्ताच. मी थांबते.